चाईचा पुढचा चट्टा कधी, हे ठाऊक नसताना

प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपासून डोक्यावर चाई पडते आहे. एक चट्टा भरत आला की दुसरा उघडतो. मधे तीन महिने सगळं ठीक होतं, आणि आता अचानक डाव्या भुवईतले केस गेले. डॉक्टर म्हणतात, पुढे काय होईल ते सांगता येत नाही. केस गेल्याचं दुःख कसंबसं सोसता येतं, पण हे ‘सांगता येत नाही’ सोसवत नाही. काय करावं?

आधी डॉक्टरांच्या त्या वाक्याबद्दल बोलू, कारण पुष्कळांना वाटतं की डॉक्टर काहीतरी लपवताहेत किंवा त्यांना पुरेसं कळत नाही. चाईत, म्हणजे अ‍ॅलोपेशिया अरेटामध्ये, शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशी वाढत्या केसाच्या मुळाशी गोळा होतात आणि त्याला परका समजून त्याच्यावर चालून जातात. एरवी केसाचं मूळ या पेशींच्या नजरेपासून झाकलेलं असतं. ते झाकण काही जागी उठतं. का उठतं आणि नेमकं याच जागी का, हे आजही कुणाला आधी ओळखता येत नाही. केसाचा कोश मात्र मरत नाही. म्हणूनच वर्षांनंतरही केस परत येऊ शकतात, आणि म्हणूनच आलेले पुन्हा जाऊही शकतात. थोडे, लहान चट्टे असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे केस वर्षभरात उपचारांशिवायही भरतात. लहानपणी झालेली सुरुवात, कानांवरून मानेकडे जाणारा पट्टा, नखांवरचे बारीक खड्डे, मोठा भाग जाणं, या गोष्टी असल्या तर वाट अवघड असते. पण हे सगळे अंदाज गटाचे आहेत. तुमच्या उजव्या कानामागे पुढच्या महिन्यात काय होईल, याचं उत्तर कोणत्याही तपासणीत मिळत नाही. डॉक्टर ‘सांगता येत नाही’ म्हणाले, म्हणजे ते खरं बोलले.

ही अनिश्चितता मनाला पेलत नाही, म्हणून मन तीन उद्योग सुरू करतं: सारखं तपासणं, कारण शोधत राहणं आणि जगणं पुढे ढकलणं. तिन्ही उपायासारखे वाटतात आणि तिन्ही त्रास वाढवतात. काम याच तिघांवर करायचं असतं. ‘मन घट्ट करा’ वगैरे सल्ल्यांनी काही होत नाही.

तपासण्यापासून सुरू करू, कारण तिथे फरक सर्वांत लवकर दिसतो. हात आपोआप डोक्यामागे जातो. बोटाचं टोक केसांतून फिरतं आणि मधेच एक गुळगुळीत, थंड जागा लागते. ती कालचीच की नवी, हे कळत नाही, म्हणून आरसा. आरशात मागचं दिसत नाही, म्हणून मोबाइल. फोटो हललेला, म्हणून आणखी सहा फोटो. मग उशी, मग कंगवा, मग मोरीच्या जाळीवरचे केस मोजणं. प्रत्येक वेळी दोन मिनिटं जीव शांत होतो आणि अर्ध्या तासात शंका पुन्हा उभी राहते. त्या दोन मिनिटांच्या शांततेमुळेच ही सवय इतकी चिवट होते.

ही सवय सोडवताना पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त मोजा. कागदावर रेघ मारा: हात गेला, आरसा पाहिला, फोटो काढला, कुणाला तरी ‘नवीन दिसतंय का गं?’ असं विचारलं. चौथीही रेघ तपासण्याचीच आहे, हे लोक विसरतात. तीन दिवसांत दिवसाचा आकडा समोर येतो आणि तो बहुतेकदा वाटलं होतं त्याहून बराच मोठा असतो. मग दर आठवड्याला तो साधारण एक तृतीयांशाने कमी करा. तीसवरून एकदम शून्यावर जायला बघणारे तिसऱ्या रात्री दोन तास आरशासमोर उभे राहतात आणि ‘मला जमत नाही’ असं म्हणून सोडून देतात. हात उचलावासा वाटला की घड्याळ बघून दहा मिनिटं थांबा आणि त्या वेळात हाताला काम द्या: भांडी, लिहिणं, काहीही. ओढ चढते, टोकाला जाते आणि उतरते. ती उतरते हे शरीराने दहा-बारा वेळा अनुभवलं की पुढचं सोपं जातं.

शेवटी कुठे पोहोचायचं? आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दिवसाउजेडी पाच मिनिटं पाहणं. फोटो चार आठवड्यांतून एकदा: समोरून, माथ्यावरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून. एकूण पाच, केस कोरडे, अंतर आणि प्रकाश तोच. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे रोजच्या फोटोत खरा बदल दिसूच शकत नाही, दिसतो तो फक्त प्रकाशातला फरक. हे महिन्याचे पाच फोटो तुमच्या डॉक्टरांनाही रोजच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

गळणाऱ्या केसांबद्दल दोन गोष्टी माहीत असल्या की निम्मी भीती जाते. दिवसाला 50 ते 100 केस कुणाचेही गळतात. आणि गळालेल्या केसाच्या टोकाला जो पांढरा बारीक मणी दिसतो, तो पाहून ‘मुळासकट आला’ असा धसका घेऊ नका. विश्रांतीच्या टप्प्यातल्या केसाचं ते नेहमीचं टोक असतं, केस ज्या कोशातून उगवतो तो त्वचेतच राहतो. आणखी एक नेहमीची चूक: केस वाचावेत म्हणून डोकं धुणं, विंचरणं बंद करणं. जे गळायचे ते आधीच सुटलेले असतात, फक्त अडकून राहतात. मग आठव्या दिवशी धुतल्यावर आठवड्याचा गुंता एकदम हातात येतो आणि हातपाय गळतात. नेहमीप्रमाणे धुवा. चट्ट्याच्या कडेचे केस चिमटीत धरून ओढून पाहू नका, ती तपासणी डॉक्टरांची आहे आणि ती रोज करायची नसते.

आता कारण शोधणं. ‘मी टेन्शन घेतलं म्हणून झालं’ हे वाक्य चाई असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी येतं आणि ते मनातून काढण्यासाठी मेहनत घेण्यासारखं आहे. ताण आणि चाई यांच्या नात्यावर झालेले अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. प्रचंड ताणातून गेलेल्या बहुसंख्य लोकांना चाई होत नाही आणि पुष्कळांना ती अगदी निवांत दिवसांत होते. शिवाय चट्टा दिसतो त्याच्या आधीच मुळाशी गडबड सुरू झालेली असते, म्हणून काल झालेल्या भांडणाला आज पडलेल्या चट्ट्याचा दोष देता येत नाही. चाईमुळे ताण येतो, हे मात्र नक्की. ‘टेन्शन घेऊ नकोस, आणखी जातील’ असं प्रेमाने म्हणणारी माणसं नकळत दुसरं ओझं देतात: आता काळजी वाटली याचीही काळजी. त्यांना शांतपणे सांगा, ‘हा आजार प्रतिकारशक्तीचा आहे, माझ्या स्वभावाचा नाही.’

कारण शोधण्याचाच दुसरा चेहरा म्हणजे उपायामागे धावणं. इथे चाईचा स्वभाव माणसाला हमखास फसवतो. चट्टे आपणहून भरतात, त्यामुळे त्या सुमारास जे काही चालू होतं त्याला श्रेय मिळतं: तेल, पथ्य, नवी गोळी, सोडलेली नोकरी. म्हणून तर प्रत्येक ओळखीच्या माणसाकडे एक खात्रीचा इलाज असतो, आणि तो खोटं बोलत नसतो. पुढच्या वेळी तोच इलाज चालला नाही की मात्र माणूस स्वतःला दोष देतो, ‘मी नीट केलं नाही.’ नियम असा ठेवा: एका वेळी एकच बदल, डॉक्टरांना सांगून, आधी ठरवलेल्या मुदतीपर्यंत. थायरॉइडची तपासणी करायची की नाही हेही त्यांनाच विचारा, कारण थायरॉइडचे काही आजार आणि चाई एकाच माणसात बऱ्याचदा आढळतात. एवढं झालं की कारणांची फाइल मिटवा.

उपचारांचं वेळापत्रक माहीत असणं हाही मनाला आधार असतो. चट्ट्यात द्यायची स्टिरॉइडची इंजेक्शनं साधारण 4 ते 6 आठवड्यांनी देतात, आठ दिवसांत लव शोधायला लागलात तर निराशाच पदरी पडेल. मोठ्या प्रमाणात केस गेलेल्यांसाठी आता जानस कायनेज, म्हणजे संरक्षक पेशींना हल्ल्याचे संदेश पोहोचवणारी शरीरातली प्रथिनं, रोखणारी औषधं आहेत. त्यातल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत जून 2022 मध्ये चाईसाठी मान्यता मिळाली. त्याच्या मुख्य चाचण्यांत निम्म्याहून अधिक केस गेलेली मोठी माणसं होती. 36 आठवड्यांनी, जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी 100 मधल्या 35 ते 40 जणांच्या टाळूवर 80 टक्के किंवा त्याहून जास्त केस होते. ही मोठी गोष्ट आहे. पण याचा अर्थ बाकीच्या साठ-पासष्ट जणांना तेवढं यश तोपर्यंत आलं नव्हतं, आणि औषध थांबवल्यावर केस पुन्हा जाणंही नेहमीचं आहे. म्हणून औषध सुरू करताना डॉक्टरांसोबत पुनर्विचाराची तारीख लिहून ठेवा. त्या तारखेआधी ‘चालतंय का?’ हा प्रश्न रोज स्वतःला विचारायचा नाही. काही काळ कोणताच उपचार न घेणं हाही पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय असू शकतो. त्यालाही तारीख द्या, म्हणजे ते हार मानल्यासारखं वाटत नाही.

तिसरा उद्योग सर्वांत महागात पडतो: ‘केस आले की जाईन.’ पोहणं, नवी नोकरी, नात्यातलं पुढचं पाऊल, फोटो, वाऱ्यात फिरणं. केस कधी येतील हे ठाऊक नसल्यामुळे ही यादी नुसती साचत जाते. टाळलेल्या दहा गोष्टी लिहा. प्रत्येकीपुढे भीतीचे शंभरपैकी गुण द्या. नव्वदवाली उचलू नका आणि दहावालीतून काही शिकायला मिळत नाही, म्हणून तीस-चाळीसवाली घ्या. जाण्याआधी मनातलं भाकीत आकड्यात लिहा: ‘दहापैकी आठ जण डोक्याकडे बघतील, दोघं विचारतील.’ परत आल्यावर खरं काय झालं ते त्याखाली लिहा. तीच गोष्ट तीन-चार वेळा केली की भीतीचे गुण उतरतात, मग पुढची. यात एक खोट राहून जाते. माणूस जातो खरा, पण कोपऱ्यातली खुर्ची धरतो, पंख्याखाली बसत नाही, टोपी दर मिनिटाला चाचपतो, आणि मग ‘निभावलं ते टोपीमुळे’ असं मनात बसतं. हे आधार एकेक करून सोडायचे. टोपी घालायला हरकत नाही. ती घालायची की नाही हे घरून निघताना ठरवा आणि मग तिला हात लावू नका.

डोक्यात सारखं घोळणाऱ्या ‘सगळेच गेले तर?’ला हाकलून लावता येत नाही, पण त्याला वेळ नेमून देता येतो. रोज एकाच वेळी 15 मिनिटं, झोपेच्या दोन तास आधी तरी, कागद-पेन घेऊन बसा. दिवसभरात काळजी आली की एक शब्द टिपून ठेवा आणि तिला संध्याकाळची वेळ द्या. त्या पंधरा मिनिटांत प्रत्येक काळजीचे दोन वाटे करा. जिच्याबाबत या आठवड्यात काही करता येईल, तिच्यापुढे ते काम लिहा. जिच्याबाबत काहीच करता येत नाही, तिच्यापुढे फक्त ‘ठाऊक नाही’ लिहा आणि पुढे चला. सुरुवातीला हा शब्द लिहिताना पोटात कालवतं. तो लिहून तसंच बसून राहणं, हाच सराव आहे.

आणि ‘सगळेच गेले तर?’ या प्रश्नाचा एक भाग तयारीने खरोखर मिटतो. दिवे जाण्याआधी मेणबत्ती कुठे आहे हे माहीत असावं, तसं हे आहे. एखाद्या शांत दिवशी तीन टप्पे लिहून काढा: चट्टे केसांनी झाकले जाताहेत तोवर काय, झाकले जात नाहीत तेव्हा काय, भुवया-पापण्या गेल्या तर काय. विग लागण्याची शक्यता असेल तर केस आहेत तोवरच स्वतःच्या केसांची एक छोटी बट कापून ठेवा आणि उजेडात फोटो काढा, रंग आणि ठेवण जुळवायला दुसरं काही इतकं उपयोगी पडत नाही. डोक्याचा घेर कपाळाच्या केसरेषेपासून कानांवरून मानेच्या खळगीपर्यंत मोजतात. कृत्रिम धाग्याचा विग रोज वापरला तर साधारण 4 ते 6 महिने टिकतो आणि उष्णतेने बिघडतो. ओव्हनचं दार किंवा वाफेचं झाकण उघडताना समोरची बट क्षणात आखडते, तेव्हा मागे सरून उघडा. खऱ्या केसांचा जास्त टिकतो, पण त्याला धुणं-बसवणं सगळं लागतं.

सगळे केस काढून टाकायचे का, हा निर्णय पुष्कळांना मोकळं करतो, कारण रोजचं थोडं थोडं जाणं त्यामुळे थांबतं. फक्त तो नवा चट्टा सापडल्याच्या रात्री घेऊ नका. दोन आठवडे थांबा. तेव्हाही तेच वाटलं तर विश्वासातलं एक माणूस जवळ ठेवून ट्रिमरने करा, वस्तऱ्याने कापायची भीती असते. त्यानंतर उन्हात जाताना टोपी किंवा किमान 30 एसपीएफचं सनस्क्रीन लावा, उघडी टाळू लवकर भाजते.

तुमच्या भुवईचं वेगळं सांगायला हवं. भुवया आणि पापण्या गेल्या की चेहराच अनोळखी वाटतो, आरशातलं माणूस आपलं वाटत नाही. डोक्यावरच्या केसांपेक्षा हा धक्का कित्येकांना जास्त बसतो, तेव्हा ‘एवढीशी भुवई’ म्हणून स्वतःला दटावू नका. उजवी भुवई शाबूत आहे तोवर समोरून नीट फोटो काढून ठेवा. पेन्सिलने भरताना लांब रेघ ओढू नका, केसांच्या दिशेने बारीक तुटक रेघा मारा. भुवईची सुरुवात साधारण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या वर येते. पापण्या गेल्या तर धूळ आणि घाम थेट डोळ्यात जातो, बिननंबरचा चष्माही कामाला येतो. नाकातले केस गेले तर नाक सूचना न देता वाहतं, खिशात रुमाल असू द्या. या बारीकसारीक गोष्टी आधी कुणी सांगत नाही आणि ऐन वेळी त्याच फार ओशाळवाणं करतात.

लोकांना द्यायचं उत्तर छोटं ठेवा आणि दहा वेळा मोठ्याने म्हणून तोंडात बसवा: ‘मला चाई आहे. ती कुणाला लागत नाही. बाकी तब्येत छान आहे.’ एवढं बोलून लगेच दुसरा विषय काढा. बहुतेक जण घाबरून पाच मिनिटं खुलासा करत बसतात, त्यामुळे समोरच्याला आणखी प्रश्न सुचतात. इलाज सुचवणाऱ्याला ‘लक्षात ठेवते’ किंवा ‘लक्षात ठेवतो’ पुरे.

केस परत येतात ते दिवस सांभाळणं सर्वांत अवघड, असं मला वाटतं. पहिली लव बऱ्याचदा पांढरी येते. माणूस हरखतो, मनात एखादा समारंभ धरतो, ‘तोवर भरतील.’ आणि ती लव गेली तर दुसऱ्यांदा जाणं पहिल्यापेक्षा जास्त जिव्हारी लागतं, कारण या वेळी केसांबरोबर भरवसाही जातो. आनंद पुरता करा, त्याला कात्री लावू नका. तारीख तेवढी मनात धरू नका, आणि लव आली म्हणून विग, टोप्या, पेन्सिल देऊन टाकू नका. पुन्हा गेली तर रडायला लाज वाटू देऊ नका. ‘केसच तर आहेत’ असं म्हणणाऱ्याला पुन्हा पुन्हा होणाऱ्या शोकाची कल्पना नसते.

पण शोक आणि नैराश्य यांत फरक असतो. शोक लाटेसारखा येतो, मधे हसूही येतं, आवडीचं माणूस आलं तर बरं वाटतं. दोन आठवडे किंवा जास्त, दिवसाचा बहुतेक वेळ मन बधिर किंवा उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. चाई असलेल्यांत चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, त्यात कमीपणा काही नाही. जगणं नको वाटलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

लहान मुलाला चाई असेल, तर वरचं सगळं आईवडिलांना आधी लागू होतं. झोपलेल्या मुलाच्या केसांत बॅटरी मारून पाहणारे पालक मुलाला कळतात. ‘लवकर येतील हं’ असं वचन देऊ नका. ‘येतीलही, जातीलही, आपण दोन्हीत नीट राहू’ हे सहा वर्षांच्या मुलालाही समजतं. शाळेत टोपी घालायची का आणि वर्गाला कुणी सांगायचं, हे त्याला ठरवू द्या.

राहिला डोक्याचा मागचा भाग, जो स्वतःला दिसत नाही. त्यासाठी घरातलं एकच माणूस नेमा आणि आठवड्यातून एकदाच त्याला पाहू द्या. त्याने नुसतं सांगायचं: ‘जुने दोन, नवा एक, नखाएवढा.’ ‘अरेरे’ नाही, ‘काही नाही गं’ नाही, सुस्कारा नाही. तुम्ही ते वहीत तारखेपुढे लिहायचं, वही मिटायची, आणि दोघांनी मिळून आधीच ठरवलेल्या कामाला लागायचं. त्या दिवशी नवा चट्टा निघाला तरी ते काम रद्द करायचं नाही.